मुष्टिफंडाची पंगत

ह्यांना राग येत नसे, हा माझ्या संसारातला सगळ्यात मोठा ताप होता. मी तणतणत असायची आणि हे शांतपणे पानाला चुना लावत बसायचे. मुष्टिफंडाच्या त्या प्रकरणात मात्र घरात दोघंही शांत असतो, तर आमची अब्रू गेलीच असती.

ठाण्याच्या कचेरीत कज्जे घेऊन मुरबाड-शहापूरकडची कुणबी माणसं यायची. आज तारीख, उद्या तारीख, असं करत तलावाकाठी झाडाखाली पडून राहायची आणि बांधून आणलेल्या भाकऱ्या संपल्या की उपाशी निजायची. हे कचेरीत कारकून, रोज ती माणसं बघायचे. त्यांनी आणि गावातल्या चार गृहस्थांनी मिळून एक अन्नछत्र काढलं आणि ते पाच जण त्याचे पंच झाले. रोकड मागितली की लोकांची तोंडं कडू होतात, म्हणून मुष्टिफंड ठरला. सकाळी तांदूळ वैरण्याआधी घरच्या बाईनं एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि शनिवारी तो तांदूळ आपापल्या पिशवीतून आमच्या ओटीवर आणून पोचवायचा. चिटणीसपण अर्थातच ह्यांच्या गळ्यात पडलं, आणि तांदूळ निवडणं माझ्या.

अर्धं ठाणं मी त्या सुपात ओळखलं. शाळामास्तरांचा तांदूळ जाडाभरडा, पण धुतल्यासारखा स्वच्छ. एका सराफाच्या घरचा जुना, कुबट वासाचा. आणि पेन्शनीत निघालेल्या शिरस्तेदारांचा, ज्यांच्या पागोट्याला अख्खा बाजार मुजरा करायचा, त्यांच्या पिशवीत निम्म्या कण्या, उरलेले खडे आणि पोरकिडे. एकदा मी सूपच ह्यांच्यापुढे नेऊन धरलं.

"दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत," हे म्हणाले. "आणि बाहेर कुठे बोलू नकोस."

नाही बोलले. निवडत राहिले.

पुढे धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी कल्याणला माहेरी गेले ती महिना-दीड महिना तिकडेच राहिले. इकडे पिशव्या न निवडताच छत्रात जाऊ लागल्या. आचारी एकटा, तो काय काय बघणार? एक दिवस मुरबाडचा एक म्हातारा जेवता जेवता उठला आणि गावात सगळ्यात मोठं पागोटं दिसलं त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "जेवाला बसलू आन् दात हातान आला," असं म्हणून त्यानं खड्यानं तुटून हातात आलेला दात दाखवला.

पागोटं होतं शिरस्तेदारांचं. पंचांची बैठक देवळात भरायची, तिथे त्यांनी ती गोष्ट काढली. "माझ्या घरचा आंबेमोहर जातो आणि गरिबाच्या पानात खडे येतात. मग मधल्या मध्ये तांदूळ बदलतो कुठे?" त्यांनी नाव कुणाचं घेतलं नाही. पण सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि हे खाली मान घालून बसले.

मी परतले तेव्हा विहिरीवर बायका मला बघून गप्प व्हायच्या. एकीनं तर गोड हसून विचारलं, "आज तुमच्याकडे आंबेमोहराचा भात वाटतं?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी ह्यांनी पान खाणं सोडलं होतं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"मी चिटणीसपण सोडतो," हे म्हणाले.

"सोडा. म्हणजे चोरी कबूल केल्यासारखंच होईल. मग कचेरीत काय तोंड दाखवाल?"

तोडगा शिरस्तेदारांनीच काढला. येत्या रविवारी पाची पंचांनी छत्रात जेवायचं. फंडात येईल तोच तांदूळ शिजवायचा. चोख निघाला तर ते स्वतःच्या हातानं दाखला लिहून देणार. हे लगेच कबूल झाले. मला कुणी विचारलं नाही, ते एका परीनं बरंच झालं.

शनिवारी पिशव्या आल्या. पंचांच्या घरच्या पाच पिशव्यांच्या गाठीसुद्धा मी सोडल्या नाहीत. त्यांत आमचीही होती. आमचा तांदूळ तरी निवडावा म्हणून हात शिवशिवत होते, पण मन आवरलं. रविवारी त्या तशाच छत्रात नेल्या आणि आचाऱ्याला सांगितलं, "पाच पातेली मांडा, आणि ज्याच्या घरचं त्याच्याच पानात वाढा." तो बिचारा घाबरला. मी म्हटलं, शिव्या मी खाईन.

पंगत बसली. बायकांची पंगत मागाहून व्हायची होती, म्हणून आम्ही सगळ्या आतल्या खोलीत दाराआड उभ्या होतो. मास्तरांच्या पानात भात मोकळा पडला. आमच्या ह्यांच्या पानात बरा म्हणावा असा. सराफांनी पहिल्याच घासाला नाक मुरडलं. शिरस्तेदारांच्या पानात गिचका पडला, आणि वरण कालवून घास तोंडात घालताच जो आवाज झाला तो आतपर्यंत ऐकू आला.

"बघा," ते म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

आचारी हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, ज्याच्या त्याच्या पिशवीतलं वाढलंय. हे तुमच्या घरचं."

ह्यांनी झटकन दाराकडे बघितलं. नजरेनंच मला विचारलं, आणि मी नजर चुकवली नाही. शिरस्तेदारांनी खडा काढून पानाबाहेर ठेवला. आता उठून जाणार असं मला वाटलं. पण ते जेवत राहिले. एकेक खडा बाजूला काढत, शीत न शीत संपवून म्हणाले, "तांदूळ माझ्याच घरचा आहे. फंड चोख आहे. बायकांनी असं कसं दिलं हे मात्र घरी जाऊन बघतो."

माझ्या शेजारी त्यांच्या घरच्या बाई उभ्या होत्या. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्या दाराआडूनच म्हणाल्या, "कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला असते, तेवढं बघा."

आधी मास्तर हसले, मग सराफ. शेवटी शिरस्तेदार स्वतः असे हसले की त्यांना ठसका लागला आणि आचाऱ्याला पाणी घेऊन धावावं लागलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाची लाज काढलीस."

"तुमची राखायची होती," मी म्हटलं. "दोन्ही राखणं मला जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी हे कचेरीला निघाले, तर दारात शिरस्तेदार, डोक्याला मोठं पागोटं. दाखला ते लिहून घेऊन आलेच होते, पण तो त्यांनी नुसता माझ्या हातात दिला आणि ह्यांना म्हणाले, "चला, कचेरीपर्यंत येतो." त्यांचं तिकडे काही काम नव्हतं. भर बाजारातून, प्रत्येकाचा मुजरा घेत, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते सावकाश चालत गेले. विहिरीवरच्या बायका घागरी तशाच ठेवून बघत होत्या. मी ओटीवर उभी राहून रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.