येड्या म्हाताऱ्याचे सिनेमे

सांगलीला कॉलेजात होते तेव्हा रविवारी सकाळी सिनेमाला जायची परवानगी घरून मिळाली, ती एकाच अटीवर. वैनीला बरोबर न्यायचं. कॉलेजचे सर दाखवतात म्हणजे काहीतरी शेतकीचं किंवा स्वातंत्र्यलढ्याचं असणार, असं माझ्या वडिलांनी, आबांनी धरलं होतं. खरं तर मलाही तसंच वाटलं होतं.

आम्ही आष्ट्याजवळच्या एका खेड्यातले. घरचा ऊस, दारात म्हशी. मोठा भाऊ फौजेत, आणि त्याची बायको, माझी वैनी, आमच्याकडे. ती माझ्याहून थोडीच मोठी होती. लग्न होऊन आली आणि वर्षभरात लढाई लागली. दादा सुखरूप परत आला, पण त्याचं येणं म्हणजे वर्षातून एकदाची सुट्टी. एरवी वैनीचा दिवस चुलीपासून गोठ्यापर्यंत. त्यामुळे रविवारची ती एसटी तिला माझ्याहून जास्त हवीशी असायची. पहाटेच भाकऱ्या उरकून, केस विंचरून ती माझ्या आधी उंबऱ्याबाहेर उभी असायची.

सिनेमे दाखवायचे आमचे इंग्रजीचे सर. जैन, अत्यंत नेमस्त माणूस. दिवे लागायच्या आत जेवणारे, वर्गात कधी आवाज न चढवणारे. त्यांनी पाच-पंचवीस लोक जमवून एक फिल्म क्लब काढला होता. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळी घोंगडी लावून अंधार करायचे. घोंगड्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आत यायच्या आणि खालच्या पेठेतला हळदीचा वास सगळीकडे भरून राहायचा. अजून कुठे ओली हळद किसली की मला मागे घरघरणारं ते प्रोजेक्टरचं यंत्र ऐकू येतं.

पहिल्या रविवारी सर पडद्यापुढे उभे राहून म्हणाले, "हा दिग्दर्शक परदेशी आहे, वृद्ध आहे, आणि गोष्ट सांगायची त्याला फारशी हौस नाही. स्वप्न बघतो तसं बघा. अर्थ लागला नाही तर माझ्याकडे मागू नका, मलाही लागलेला नाही."

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला. वाळूत एक पलंग, पलंगावर नवरा-बायको. दोघं खिडकीच्या पडद्यांना कुठला रंग हवा यावरून भांडताहेत, असं सर मागून मराठीत सांगत होते. लाटा येतात, पांघरूण भिजतं, ती दोघं ते नुसतं वर ओढून घेतात आणि भांडण चालूच. मग एका गावात कुणी पुढारी भाषण करतो आणि त्याच्या तोंडातून शब्दांऐवजी पिसं बाहेर पडतात. लोक टाळ्या वाजवतात, पिसं पिशव्यांत भरून घरी नेतात. मग एक बाई आरशापुढे केस विंचरते. केसांतून वाळू पडते. पडतच राहते. खोली गुडघ्यापर्यंत भरते तरी ती विंचरतच असते.

निम्मे लोक मधेच उठून गेले. माझ्याही डोक्यावरून सगळं जात होतं. मी वैनीच्या कानात म्हटलं, "जायचं का?"

"गप बसा वन्सं," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

परतीच्या एसटीत आम्ही भडंगाची पुडी फोडली. मी सर म्हणाले होते त्यातलं काही आठवून समजावू लागले, तर वैनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या बाईचं मला कळलं. केस विंचरताना मला बी कवा कवा तसंच वाटतं. हात चालतोय, आन् सरतच न्हाई." मग एकदम हसत सुटली. "आन् त्यो पिसंवाला! आपल्या सरपंचाला दावाय पायजे."

त्या दिग्दर्शकाचं नाव आम्हा दोघींना नीट म्हणता येत नसे. वैनीने त्याचं नाव 'येडा म्हातारा' ठेवलं. सरांनी पुण्याहून त्याचे आणखी सिनेमे मागवले होते, आणि दर रविवारी त्यातला एक, असा तो हिवाळा गेला. एकदा तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं. सिनेमा संपल्यावर सरांच्या लक्षात आलं. ते बिचारे हात जोडून माफी मागू लागले, तर लोक म्हणाले, असू दे सर, असाच बरा वाटला. सर इतके मोकळे हसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

घरी आई विचारायची, "काय दावलं आज?" वैनी चुलीत फुंकर घालत म्हणायची, "शेतकीचंच की. पेरणी कशी करायची." हॉलमध्ये जे बघितलं ते आम्ही दोघीच गोठ्यात शेण काढताना बोलायचो. मग बोलता बोलता वैनी तिची स्वप्नं सांगू लागली. एरवी ती कुणाला सांगितली असती? विहिरीत लावलेली पणती, माहेरच्या बैलाला आलेलं माणसाचं हसू. मी पुस्तकं वाचणारी मुलगी, पण मला त्या दिवसांत कळलं की आपल्या घरातलं माणूस आपल्याला ठाऊक असतं ते फार थोडं.

दादा सुट्टीवर आला तो त्याच हिवाळ्यात. लढाईनंतरची त्याची ती दुसरी सुट्टी. पहिल्या खेपेला गावाने बँड लावून त्याला वेशीपासून आणला होता. पारावर रोज कुणीतरी विचारायचं, "किती लोळवलं रं?" आणि दादा एकच उत्तर द्यायचा, "थंडी लय हुती गड्या." घरात तो असायचा आणि नसायचाही. ताट वाढलं की जेवायचा, हाक मारली की ओ द्यायचा.

वैनीनेच त्याला म्हटलं, "आवं, येत्या रविवारी चला आमच्यासंगं."

"शेतकीचं बघून काय करू?"

"चला तर खरं."

त्या रविवारी कुठला सिनेमा आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ ठेवून बसला. पडद्यावर एक शिपाई ट्रंक घेऊन घरी आला. घरचे जेवायला बसलेले. कुणी मान वर करून बघत नाही. तो खुर्चीवर बसतो, तर बाप येऊन त्याच्या डोक्यावर आपली टोपी अडकवतो. बहीण त्याच्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत घालते. तो तसाच बसून राहतो. शेवटी उठून शेतात जातो आणि हात पसरून उभा राहतो. पाखरं येऊन त्याच्यावर बसतात. तेवढ्यात बांधावरचं झाड देवळाच्या घंटेसारखं वाजायला लागतं आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले तेव्हा मला दादाकडे बघायची हिंमत होईना. तो शांतपणे उठला, जिना उतरला, आणि स्टँडच्या वाटेवर एकाएकी थांबला.

"असंच हुतं," तो म्हणाला. "ह्या गड्याला कुणी सांगितलं?"

स्टँडवर एसटीला वेळ होता. आम्ही कट्ट्यावर बसलो आणि दादा बोलायला लागला. त्याच्या तुकडीत माण तालुक्यातला एक गडी होता. मेंढरांच्या घरातला. खंदकात झोपेत मेंढरांना हाका घालायचा. सगळे हसायचे. मग एके दिवशी तो गेला, दादाच्या शेजारीच.

"त्यो गेल्यावर बी मला त्या हाका ऐकू यायच्या. गावात बँड वाजत हुता तवा बी. लोकांची तोंडं हालत्यात, मला आपल्या त्या हाकाच. कुणाला सांगायचं? म्हनतील, याड लागलं."

वैनीने पदर सावरला. "मला सांगायचं हुतं की. मी काय म्हनले असते? हितं दर रविवारी येडंच बघाय येतीया मी."

दादा तिच्याकडे बघत राहिला आणि हसला. हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. भर स्टँडवर, चार लोकांत, फौजी माणूस. मी उगाच उठून भडंग आणायला गेले आणि बराच वेळ तिकडेच रेंगाळले.

त्याच आठवड्यात तो वैनीला घेऊन माणला गेला, त्या मित्राच्या घरी. लढाईनंतर तो तिकडे फिरकलाच नव्हता. काय तोंड घेऊन जायचं, असं त्याला वाटायचं. वैनी नंतर मला म्हणाली, मित्राच्या आईने फार विचारलं नाही. दोघांना बाजरीची भाकरी वाढली आणि दादाला म्हणाली, "त्यो झोपत बडबडायचा, न्हाई का रं?" दादा म्हणाला, "व्हय." मग ती म्हातारी त्याच्याकडून त्या हाका पुन्हा पुन्हा ऐकत बसली. तिथून आल्यावर दादा दुपारी उशिरापर्यंत झोपला. आईने उठवायला जायचं म्हटलं तर वैनीने तिला दारातच अडवलं.

सुट्टी संपली, दादा गेला. सोमवारी मी सरांना हे सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता चष्मा पुसत राहिले. एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, हे सिनेमे आपण चार शिकलेल्यांनी मिरवायला आणतोय." मग चष्मा लावून म्हणाले, "पुढचा विनोदी आहे म्हणतात. पण या माणसाचं काही सांगता येत नाही. वहिनींना घेऊन या."

पुढे सरांची बदली झाली आणि क्लब बंद पडला. दादाला कुटुंब नेता येईल अशा ठिकाणी नेमणूक मिळाली, तेव्हा वैनी त्याच्याकडे गेली. मी पुण्यात नोकरी केली, तिथे असले सिनेमे भरपूर पाहिले, मऊ खुर्च्यांत बसून, जाणकारांच्या शेजारी. पण सिनेमा सुटल्यावर बोलायला कुणी नसे. जाणकार बोलत, ते वेगळं.

त्या हिवाळ्यातला तो विनोदी सिनेमा मात्र आम्ही दोघींनी पाहिला. लोक पोट धरून हसत होते. वैनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडत होती, आणि बाहेर आल्यावर डोळे पुसून म्हणाली, "लय चांगला हुता वन्सं. आता मस्त उसाचा रस पिऊ."