बाण किती मोठा चालतो, एवढं लिहायला काय जातं?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आमच्या गोरेगावच्या ऑफिसात टेस्टिंग करणाऱ्या सावंत मॅडमना कमी दिसतं. सकाळी त्यांनी माउसचा बाण मोठा केला आणि तो स्क्रीनवरून गायबच झाला. "माझे डोळे आणखी बिघडले वाटतं," त्या म्हणाल्या.

चार तास शोधल्यावर मला कळलं, आमचं ग्राफिक्स कार्ड चौसष्ट पिक्सेलपेक्षा मोठा बाण दाखवूच शकत नाही. कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, डॉक्युमेंटेशनमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही.

ड्रायव्हर लिहिणाऱ्या नितीनला जाब विचारला. "कोडमध्ये आहे ना यार, वाच की."

मॅडमनी कोड वाचायचा का रे?

डॉक्युमेंटेशनमध्ये चौसष्ट पिक्सेलच्या मर्यादेची ती एक ओळ शेवटी मीच लिहिली. मॅडमना सांगायला गेलो, तर त्यांनी घाबरून संध्याकाळची डॉक्टरांची वेळही घेतली होती.

तुम्ही न लिहिलेल्या ओळीपायी आज कोण स्वतःला दोष देत बसलंय?