डॉक्टरांचा हात परत तिथंच आला

मित्रांनो, आईचं पोट दुखून राहिलं होतं, म्हणून आज दुपारी तिला बेसाच्या दवाखान्यात सोनोग्राफीसाठी नेलं.

आई घाबरली होती. "मशीन चटके देते का गा?"

"नाही वं आई. मी फरशी बसवली की ठोकून पाहतो ना, तसंच हे. मशीन पोटात आवाज सोडते, आपल्याले ऐकू येत नाही असा. तो आत आदळून परत आला का त्याचं चित्र बनते."

तिला पटलं.

डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेल लावलं आणि गप्पा मारत हात फिरवू लागले. गाव कोणतं, यंदा संत्री कशी आहेत.

उजव्या बरगडीखाली हात थांबला. गप्पाही थांबल्या. "श्वास रोखा." हात पुढे सरकला आणि परत तिथंच आला. "पुन्हा रोखा."

मी ओळखलं, कारण मीही हेच करतो. फरशी खालून पोकळ वाजली, म्हणजे काम बिघडलं, की गप्प होतो, परत तिथंच ठोकतो आणि घरमालकाकडे पाहायचं टाळतो.

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. "रिपोर्ट संध्याकाळी न्या, तुमच्या डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणाले.

गाडीवर मागे बसताना आईनं हळूच विचारलं, "काहून गा, एखादी पोकळ निघाली का?"

मी किक मारून गाडी चालू केली.

आता रिपोर्ट आणायला निघतोय. आई चपला घालून दारात उभी आहे, सोबत येते म्हणते. तुम्हीच सांगा, तिला काय म्हणू?