मायेचा कोपरा

उमरठच्या रंगूबाईचा मुलगा अनिल मुंबईला नोकरीला. आईवर त्याची फार माया. घरातली वस्तू बिघडली की ती कचऱ्यात न टाकता तो दर शिमग्याला आईसाठी गावी आणायचा. बंद टीव्ही, जळलेला मिक्सर, फुगलेल्या बॅटरीचे तीन मोबाईल. भाताच्या कणग्या हलवून रिकाम्या केलेल्या कोपऱ्यात आता मुंबईचं वैभव नांदत होतं.

महाडच्या एका केंद्रावर अशा वस्तू घेतात, त्यातलं तांबं, पत्रा काढून पुन्हा वापरतात, असं शाळेच्या बाईंनी रंगूबाईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने सगळं टेम्पोत घालून पोचतं केलं.

दिवाळीत अनिल आला, तो बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊनच. रिकामा कोपरा पाहून तो कळवळला. "आई, मला न विचारता देऊन टाकलंस?"

"तू आणताना मला इचारलंस काय रे?" रंगूबाई म्हणाली. "ह्यो पन ने महाडला. दहाची एसटी हाय."

मांडीवर कॉम्प्युटर घेऊन अनिल महाडच्या केंद्रावर गेला. तिथे त्याला 'पर्यावरणमित्र' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने मुंबईच्या घरात चौकट करून लावलंय, आणि आल्यागेल्याला तो ऐकवतो, "गावाकडच्या लोकांना हे कुठे कळतं!"