एवढ्याशा कापडासाठी कोथरूड ते कॅम्प

गुडघ्यांसाठी पाण्यात चाला, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. तिने काटकसर म्हणून ओळखीच्या शिवणाऱ्या काकूंकडून लेगिंगच्या सुती कापडाचा पोहण्याचा पोशाख शिवून घेतला. पोहण्याच्या तलावावरच्या बाईंनी तो चिमटीत धरून परत दिला. सुती चालत नाही, धागे फिल्टरमध्ये अडकतात. सोमवारपासून महिलांची बॅच होती, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून कॅम्पात निघालो.

तुम्हीही जाणार असाल तर दुकानं उघडतानाच पोचा. नंतर स्कूटर लावायलाही जागा मिळत नाही. आम्ही आधी इडली खाल्ली आणि मग अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या दुकानात गेलो.

गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा काळा पोशाख अठराशे रुपये. आईने तो उलटसुलट करून पाहिला. "एवढ्याशा कापडाला?"

"कापडावर किंमत असती, तर चादर सगळ्यात महाग असती," दुकानदार मान वर न करता म्हणाले.

मी टेक्सटाइल इंजिनीअर आहे, त्यामुळे बाकीचं मी सांगितलं. या कापडात ताणणारा धागा असतो आणि तो क्लोरीनमध्ये टिकावा लागतो. शिवणही कापडाइतकीच ताणली गेली पाहिजे, त्यासाठी वेगळं मशीन लागतं. आत अस्तर असतं. विक्री मुख्यतः उन्हाळ्यात, तरी प्रत्येक माप दुकानात हवं. वापरलेला पोशाख परत आला तर पुन्हा विकता येत नाही, त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. आई लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, पटलं.

"किंमत कळली गं," ती हळूच म्हणाली. "पण यात मी दिसेन कशी, ते सांग."

"सगळ्याजणी तशाच दिसतील," मी म्हणाले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उघडली. मी पैसे काढले, तर तिने माझा हात बाजूला केला.

पहिला आठवडा पोशाख बाथरूममध्ये, टॉवेलखाली वाळायचा. उन्हाने कापड सैल पडतं, सावलीत वाळव, असं मीच सांगितलं होतं. तिला ते सोयीचंच होतं.

आज ऑफिसला निघताना खालून वर पाहिलं. पोशाख गॅलरीतल्या दोरीवर, भर उन्हात, अख्ख्या सोसायटीला दिसेल असा. शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून किंमत विचारत होत्या.

"अठराशे," आई म्हणाली. "शिवणच वेगळी असते हो त्याची."

अशाने तो लवकर सैल पडणार. मी हेल्मेट घातलं आणि निघाले.