राखलेला डोह

नदीचं नाव सांगणार नाही. मनोरच्या पलीकडे आहे, एवढं पुरे. नाव कळलं की येत्या रविवारी तुम्ही कुकर आणि स्पीकर घेऊन हजर व्हाल. मी तुम्हाला ओळखतो.

आमच्या बोईसरच्या कारखान्यातला लक्ष्मण त्याच नदीकाठचा. त्याला फोनवर विचारलं, "डोहावर गर्दी नसते ना?"

"नाय, डोह राखलेला हाय. या तुमी."

माझा मेहुणा प्रकाश हरखलाच. आपल्यासाठी अख्खा डोह राखून ठेवलाय म्हणजे काय! त्याने आलं-लसणाचं तिखट वाटण डब्यात भरलं, ट्रकची ट्यूब फुगवली, गळ घेतला. मासा तेवढा नदीकडून यायचा होता.

पुलाखाली ट्यूब पाण्यात सोडली. घरी मी याला राफ्टिंग म्हणतो. उन्हाळ्याचं पाणी गुडघाभर. निम्मी वाट आम्ही ट्यूबवर, निम्मी वाट ट्यूब आमच्यावर. एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली आणि वर वळून बघत होती.

मग वळणावर डोह आला. हिरवागार, आणि इतका खोल की मी बुडी मारली तर तळाशी हद्दीपलीकडच्या गुजरातेतलं बोलणं ऐकू यायला लागलं.

प्रकाशने गळ टाकला आणि ट्यूबसकट ओढलाच गेला. खडस (मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा)! कसाबसा तो खडकावर घेतो न घेतो, तोच काठावरून आवाज आला.

"ए ढोल्या, कोणाला इचारून गळ टाकला?"

लक्ष्मणची आई, सोमीबाई. हातात कोयता.

"मावशी, लक्ष्मणने आमच्यासाठी राखून ठेवलाय," प्रकाश म्हणाला.

"तुमच्यासाठी? तू काय नवरदेव हाय? गावानं राखलाय, माशांसाठी! नदी सुकली का सगळी मासळी यातच जगते. पावसात इथनंच वर-खाली जाते, तवा गाव खातो. हिचं पोट बघ, गाबोळीनं (अंड्यांनी) भरलंय. ही मेली त आमी पावसात काय खावं, तुझी ट्यूब?"

राखलेला म्हणजे पहाऱ्यातला. आम्ही मात्र लग्नाचा हॉल बुक केल्यासारखे आलो होतो.

गळ काढून मासळी पाण्यात सोडली, तर ती उलटी तरंगायला लागली. सोमीबाईचा आवाज एकदम खाली आला. "धर तिला. तोंड धारेकडं. हलू नको."

स्वतःच्या पोराला झोपवताना आधी स्वतः घोरणारा प्रकाश, छातीभर पाण्यात तिला दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिला. कल्ले थांबलेले. मी इतका वेळ श्वास रोखला की एखाद्याने माझं तेरावं उरकलं असतं.

"घे गं बाई, श्वास घे," प्रकाश पुटपुटत होता.

कल्ला हलला. पुन्हा हलला. मग प्रकाशच्या थोबाडीत शेपटीची एक सणसणीत बसली आणि ती खोल गेली.

"बरी मारली!" सोमीबाई हसली आणि आम्हाला नागलीची भाकर खायला घेऊन गेली.

सोमवारी कारखान्यात चहावर सांगितलं, मासा माझ्या उंचीचा होता. माना डोलल्या. मेहुण्याला त्याने नदीभर फरफटवलं, तेही पटलं.

"फिर? कैसा लगा खाने में?"

"छोड़ दिया."

सगळे टेबलावर हात आपटून हसले. "कुछ भी फेंकता है तू!"

अख्ख्या प्रवासातली तेवढीच गोष्ट मी न फुगवता सांगितली होती.