बादलीतला नवरदेव

“म्याडम, लाल मासा नाय. बाकी सगळे हायेत, तोच नाय,” दामूशेठ फोनवर म्हणाले.

मी शहापुरात एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली गोल्डफिशची टाकी धूत होते. माशांच्या टाक्या लावणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय. दामूशेठचं मुरबाडकडे रिसॉर्ट आहे. तिथली टाकी म्हणजे माझं खाऱ्या पाण्याचं पहिलं काम. हात पुसले आणि स्कूटर काढली.

त्या टाकीत फेअरी रॅस जातीचे मासे होते. बोटाएवढे. समुद्रात हे कोरलच्या आसपास झुंडीने फिरतात, प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव टिपून खातात. आमच्या झुंडीत नर एकच, लालभडक, निळ्या कडांचा. बाकी फिकट नारिंगी माद्या. झोपताना हे मासे अंगाभोवती चिकट पदार्थाची पातळ पिशवी तयार करतात. सकाळी ती पाण्यात तरंगताना दिसते. पहिल्याच आठवड्यात “टाकीत कोण थुंकला?” म्हणून शेठनी सगळ्या स्टाफला फैलावर घेतलं होतं.

नर टाकीच्या मागे सापडला. पार सुकलेला. इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलताना वरची जाळी काढली आणि परत लावलीच नाही. हा मासा दचकला की सरळ पाण्याबाहेर उडी मारतो. मला फार वाईट वाटलं. आधी जाळी घट्ट बसवली.

“दुसरा लाल आणा,” शेठ म्हणाले.

“आणायला नको. यांच्यातलीच एक होईल.”

“काय होईल?”

“नर.”

रिसेप्शनवरची सुजाता खुदकन हसली. शेठ हसले नाहीत.

मी समजावून सांगितलं. नर असतो तोवर तो माद्यांना धाकात ठेवतो. तो गेला की सगळ्यात मोठी मादी त्याची जागा घेते. आधी वागणं बदलतं, मग रंग. आतून शरीरही बदलतं. पण वेळ लागतो.

“म्याडम, आमी काय येडे नाय,” शेठ म्हणाले. “म्हसा गावच्या जत्रेला पावणे येतील, तवर थांबतो. लाल मासा दिसला नाय तर टाकी काढायची. खाऱ्या पाण्याची कटकट नको.”

काही दिवसांनी पुन्हा फोन. “एक मासा माजलाय! सगळ्यांच्या मागं लागतो. मी काढला त्याला भायेर.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“बादलीत.”

बादलीत नळाचं पाणी असेल तर तो मासा मी पोहोचेपर्यंत जगणार नव्हता. “पाणी कोणतं घेतलंत?”

शेठनी फोन सुजाताकडे दिला. “टाकीतलंच घेतलं मॅडम, हवेची नळी पण सोडलीय.”

“शेठना सांग, तो माजलेला मासा म्हणजेच आपला होणारा नर आहे. कोणी हात लावू नका!”

मी पोहोचले तर शेठ स्वतः बादलीवर ताट धरून उभे होते. उडी मारू नये म्हणून. मासा ठीक होता, पंखांवर लालसर झाक आली होती. पण टाकीत वेगळाच प्रकार चालू होता. बादलीतली मोठी मादी दिसेना म्हटल्यावर दुसऱ्या नंबरच्या मादीने बाकीच्यांवर दादागिरी सुरू केली होती.

मी बादलीतला मासा हळूच टाकीत सोडला. दोघी समोरासमोर आल्या. पंख ताणून एकमेकींभोवती गोल गोल फिरू लागल्या. शेठचं नाक काचेला टेकलं.

“आवो, हे तं सरपंचाचं इलेक्शन हाय!”

शेवटी धाकटीने पंख मिटले आणि गुमान झुंडीत गेली. सुजाताने टाळी वाजवली. शेठनी तिला गप्प केलं, मासे दचकतील म्हणून.

नंतर रंग रोज थोडा थोडा चढत गेला. सुजाता फोटो पाठवायची. जत्रेला पाहुणे आले तेव्हा टाकीत लालभडक, निळ्या कडांचा नर मिरवत होता आणि शेठ प्रत्येकाला धरून सांगत होते, “ही पयली बाई होती बरं का. मी तवाच वळखली होती!”

टाकी राहिली, एवढं मला पुरे होतं. माझ्या कामात मासे सांभाळणं सोपं असतं. टाकीत हात घालू नका, हे मालकाला पटवणं अवघड.